पाव मिनिट

सोमवार, ४ तारीख

मोठ्या बाईंनी आज मला एक जाड वही, पेन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ दिलं. म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस ना? मग हे तूच कर."

शिकलेला! दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून आलेल्या माणसाला शिकलेला म्हणायचं, तर एका बाहीच्या सदऱ्यालाही सदरा म्हणायला हवं. घरी वडील गेले चार महिने माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर बसलेला असतो आणि ते आईला सांगतात, "विचार त्याला, जेवणार आहे का." मित्रांना मी सांगितलंय की एका हॉस्पिटलच्या ऑफिसात लागलो. प्रत्यक्षात हा वृद्धाश्रम आहे, मोठ्या बाई तो चालवतात. माणसं सव्वीस, दोन मजले, आणि माझं काम म्हणजे चहा देणं, खुर्च्या ढकलणं, चष्मे शोधणं.

पण आजचा दिवस वेगळा होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून सिस्टर आली होती, मला शिकवायला.

तिने जे सांगितलं ते या डायरीत लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. वय झालं की काहींच्या हृदयाची लय बिघडते. ठोके वेडेवाकडे पडतात आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यातलं रक्त नीट पुढे जात नाही, जागच्या जागी घुटमळतं. घुटमळलं की गुठळी होते, आणि ती मेंदूत जाऊन अडकली की झटका. तोंड वाकडं, हात लुळा, वाचा बंद. "आणि यातलं बरंचसं रक्त पातळ करायच्या गोळीने टळतं," ती म्हणाली. "फक्त कोणाला द्यायची ते आधी कळायला हवं. म्हणून नाडी बघायची. रोज, चौदा दिवस, कारण काहींची लय येते-जाते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "बोटाला लावायचा तो चिमटा आहे की आपल्याकडे."

"चिमटा आकडा सांगतो, बाई. मला चाल हवी. घोडा किती पळाला ते नको, लंगडतोय का ते सांगा."

मग मला म्हणाली, "दादा, हात द्या."

तीन बोटं, अंगठ्याच्या मुळाशी. पूर्ण एक मिनिट. काटा सगळा फिरून येईपर्यंत हात सोडायचा नाही. लय बिघडलेली वाटली तर पाच मिनिटांनी पुन्हा एक मिनिट, आणि तरीही तशीच असेल तर नावापुढे फुली. फुली असलेल्यांच्या ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सोळा तारखेच्या शनिवारी डॉक्टर स्वतः मशीन घेऊन येणार.

हे सगळं ती माझा हात धरून सांगत होती. मिनिट संपल्यावर म्हणाली, "जरा जोरात पळतेय तुमची. जिना चढून आलात का?"

मी म्हटलं, हो.

जिना चढलो नव्हतो. ती मला दादा म्हणाली, पण ती सगळ्यांनाच दादा म्हणते. रिक्षावाल्यालाही म्हणत असेल. त्यात काही नाही.

मंगळवार, ५

पहिली फेरी. साडेआठला सुरू केली, संपली सव्वादहाला. सव्वीस मिनिटांचं काम आहे असं वाटलं होतं, पण म्हातारी माणसं हात देतात तेव्हा नुसता हात देत नाहीत. सोबत सुनेची गोष्ट देतात, गुडघा देतात, काल लागलेला ठसका देतात. "बोलू नका" म्हटलं की दहा सेकंद गप्प, मग "बरं, पण एवढंच सांगते."

सगळ्यांत कहर म्हणजे भोंगाआजी. पस्तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारायच्या. आवाज अजून तसाच खणखणीत. भोंगा हे नाव दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ठेवलं, आणि आजींना ते आवडतं. दिवसभर पुकारा चालू असतो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. चहाची गाडी तीन नंबरच्या खोलीवरून सुटलेली आहे. साखर कमी असल्याने प्रवाशांची गैरसोय होईल, त्याबद्दल दिलगीर आहोत." जेवणाच्या हॉलमध्ये जे कधी हसत नाहीत तेही हसतात. मोठ्या बाई म्हणतात, आजी बोलायच्या थांबल्या तर ही इमारत दवाखाना वाटायला लागेल.

मला त्या कॉलेजकुमार म्हणतात. आज हात धरला तर म्हणाल्या, "हे बरंय. लग्नानंतर एवढा वेळ कोणी हात धरला नव्हता माझा."

नाडी एकाहत्तर, नियमित. लिहिलं.

गुरुवार, ७

काल सिस्टर येऊन वही बघून गेली. "छान, असंच चालू द्या." मी दिवसभर त्या चार शब्दांवर होतो.

पण एक अडचण आहे. रोज सकाळी साडेनऊला ती स्कूटरवरून आमच्या फाटकासमोरून दवाखान्यात जाते. मी गेल्या महिन्यापासून त्या वेळेला फाटकाजवळच्या कुंड्यांना पाणी घालत असतो. ती मान हलवते. बस, एवढंच, पण त्यावर माझा दिवस निघतो. आता ही फेरी असल्यामुळे साडेनऊला मी पंधराव्या की सोळाव्या हातावर असतो. तीन दिवस चुकली. ज्या माणसामुळे हे काम अंगावर घेतलं, त्याच माणसाचं दर्शन त्या कामापायी जातंय, हा कुठला न्याय?

शुक्रवार, ८

सुटला प्रश्न. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. कॉलेजात प्रॅक्टिकलला सगळे असंच करतात. हात धरला, अठरा, अठरा चोक बहात्तर, पुढचा. फेरी सव्वानऊला आटोपली. साडेनऊला मी कुंड्यांजवळ, केस विंचरून.

तिने मान हलवली, आणि थोडी हसलीसुद्धा. की उन्हाने डोळे बारीक केले? हसलीच.

शनिवार, ९

ती अकराला आली. "इतक्या लवकर झालं? हात चांगला बसला हं तुमचा." मी तिची पिशवी दवाखान्यापर्यंत पोचवली. रस्ताभर ती फोनवर कोणाशी तरी रात्री काय करायचं जेवायला यावर बोलत होती. आई असेल.

परत आलो तर भोंगाआजी व्हरांड्यात. "लक्ष द्या. कॉलेजकुमार एक्स्प्रेस आपल्या नियोजित वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा, पण अत्यंत आनंदात फलाटावर येत आहे." सगळा व्हरांडा हसला. मी चिडलो. "तुमच्या वयाला शोभतं का हे," असं काहीतरी बोललो.  आजी म्हणाल्या, "चुकलं माझं, पोरा." मी तसाच आत निघून गेलो.

सोमवार, ११

आज एक गोष्ट झाली ती लिहू की नको असं होतंय. लिहितो, ही डायरी कोण वाचणार आहे?

काल रविवार होता. दवाखाना बंद, ती जात नाही. घाई कसलीच नव्हती. तरी मी सगळ्यांचे हात पाव मिनिटच धरले. का, ते माहीत नाही. सवय झाली म्हणायची.

आणि आज भोंगाआजींचा हात धरला तेव्हा बोटांखाली काहीतरी अडखळलं. दोन ठोके पटापट, मग काहीच नाही, मग एक मोठा, मग परत तीन घाईघाईत. एकोणीस झाले. पाच मिनिटांनी परत मोजायला हवं होतं. घड्याळात नऊ दहा, पुढे अजून सहा हात. आणि त्या हसत होत्या, हलत होत्या, त्यामुळेही होऊ शकतं. एकोणीस चोक शहात्तर. नियमित.

उद्या नीट बघेन.

बुधवार, १३

काल नीट बघितलं नाही. आज जे झालं त्यात चूक माझी की तिची, ते उद्या ठरवेन.

ती आली आणि हॉलमधल्या टेबलावर वही उघडून बसली. बराच वेळ पानं उलटत होती. मी शेजारी उभा. मग विचारलं, "दादा, कॉलेजात तुमचा विषय गणित होता ना?"

मी केसांवरून हात फिरवला. माझ्या शिक्षणाची चौकशी! म्हटलं, "हो. पुढच्या वर्षी पूर्ण करणार आहे." हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"पहिल्या तीन दिवसांचे आकडे आणि नंतरचे जरा वेगळे दिसतात."

"हात बसला."

"हो. फारच बसला." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणणार. म्हणाली, "सव्वीस माणसं, सगळी पंचाहत्तरच्या पुढची, आणि फुली एकही नाही?"

"आमच्याकडे तब्येती चांगल्या आहेत."

"असतील. मी दोन-चार हात स्वतः बघू का? आज वेळ आहे मला." आणि ती थेट भोंगाआजींच्या खुर्चीकडे वळली.

मला काय झालं कळलं नाही. म्हणजे आता कळतंय, तेव्हा नाही कळलं. मी ओरडलो. भरवसा नव्हता तर काम दिलंत कशाला, शिकलेल्या माणसाला असं सगळ्यांदेखत खोटं पाडायचं असेल तर घ्या तुमची वही, असं बरंच काही. वही टेबलावर आपटली, चहाचा कप उडाला, तिच्या पांढऱ्या बाहीवर डाग. हॉलमध्ये सव्वीस म्हातारी माणसं, सगळी माझ्याकडे बघत. एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

तिचा चेहरा उतरला. बाही पुसत ती हळूच म्हणाली, "बरं. शनिवारी डॉक्टर येणारच आहेत. तेव्हा बघू." आणि गेली.

मोठ्या बाईंनी मला आत बोलावून झापलं. त्याचं काही वाटलं नाही. तिने मागे वळून बघितलं नाही, त्याचं वाटलं.

गुरुवार, १४

आज विशेष काही नाही. दमलो.

शुक्रवार, १५

काल मी इथे खोटं लिहिलं. स्वतःच्या डायरीत, कोणी बघत नसताना.

काल दुपारी चारला चहा देत होतो. मोठ्या बाई बँकेत, मावशी मागे फरशी पुसत. व्हरांड्याच्या टोकाला भोंगाआजी आणि मी, दोघंच. त्यांनी कप घेतला आणि सुरू केलं, "प्रवाशांनी लक्ष..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. नुसता आवाज आला, तोंडात कापूस भरल्यासारखा. मला वाटलं, गंमत करतायत. मग कप कलंडला. उजवा हात मांडीवर तसाच पडून राहिला आणि तोंडाचा एक कोपरा खाली आला. डोळे माझ्याकडे. घाबरलेले डोळे.

सिस्टरने पहिल्याच दिवशी हॉलच्या भिंतीवर कागद लावून घेतलाय: तोंड, हात, बोलणं. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, फोन करायचा, दहा मिनिटांत बरं वाटलं तरी करायचा. तो कागद मीच खुर्चीवर चढून चिकटवला होता.

मी फोन केला नाही. त्यांचा हात धरून उभा राहिलो आणि मनात एकच गोष्ट. आता डॉक्टर येतील, वही उघडतील, तिथे रोज लिहिलेलं असेल, नियमित, नियमित, नियमित, माझ्या अक्षरात.

सातेक मिनिटांनी तोंड सरळ झालं. बोटं हलली. पहिलं वाक्य असं आलं, "लाइन गेली होती वाटतं." मग म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस हं. लेकीला कळलं तर मला उचलून तिच्याकडे नेईल. तिथे दिवसभर मी आणि भिंत. मी पुकारा करायचा कोणापुढे?"

मी म्हटलं, नाही सांगत. किती मोठेपणा! जणू त्यांच्यासाठी गप्प बसतोय. त्यांनी सांगायच्या आधीच माझं ठरलं होतं, हे त्यांना काय माहीत.

आज सकाळी फेरीला गेलो आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा त्यांचा हात पूर्ण मिनिट धरला. लंगडणारा घोडा म्हणजे काय ते आज कळलं. एका ठोक्याचा दुसऱ्याला मेळ नाही. पाच मिनिटांनी परत धरला. तेच. फुली मारली आणि मग मागची पानं उलटली, आधी कधी मारायला हवी होती ते बघायला.

तेव्हा दिसलं. पहिल्या दिवसांत एकाहत्तर, त्र्याऐंशी, एकोणसत्तर, पंच्याहत्तर. आणि आठ तारखेपासून बहात्तर, अडुसष्ट, शहात्तर, ऐंशी, चौसष्ट, चौऱ्याऐंशी. सात दिवस, सव्वीस माणसं, एकशे ब्याऐंशी आकडे. एकही असा नाही की ज्याला चारने भाग जात नाही. जिवंत माणसांची हृदयं अशी पाढ्यात चालत नाहीत. गणिताच्या विद्यार्थ्याला हे आठ दिवस दिसलं नाही, आणि तिला बुधवारी एका बैठकीत दिसलं. ती माझं शिक्षण विचारत नव्हती. आणि मी सांगितलं, पुढच्या वर्षी पूर्ण करणार आहे! कान तापले ते अजून तापलेलेच आहेत.

दुपारी दवाखान्यात गेलो. ती ड्रेसिंगचं सामान लावत होती. मी दारातच उभा राहून एका दमात सांगितलं, पाव मिनिट धरत होतो, आठ तारखेपासून, भोंगाआजींची लय बिघडलेली आहे, सोमवारीच जाणवलं होतं.

तिने कात्री खाली ठेवली. "मला बुधवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "त्याच वेळी तुमचं न ऐकता त्यांचा हात धरायला हवा होता मी. पण तुम्ही ओरडलात, सगळे घाबरून बघत होते, मला तमाशा नको होता. म्हटलं, शनिवारी होईलच. ही चूक माझीसुद्धा आहे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"दादा, या दिवसांत कोणाला काही झालं नाही ना? बोलणं अडखळलं, हात गळाला, काहीही?"

मी म्हटलं, नाही.

 एवढं सगळं कबूल करायला गेलो आणि जे खरं सांगायचं होतं ते गिळून आलो. बाहेर पडल्यावर हलकं वाटत होतं, ही सगळ्यांत घाण गोष्ट. रस्त्यात मला वाटलं, बघा, मी किती प्रामाणिक.

आणखी एक लिहून टाकतो. कॉलेज मी का सोडलं, ते सगळ्यांना असं सांगितलंय की सरांनी प्रॅक्टिकलचे आकडे उतरवल्याचा खोटा आळ घेतला आणि मी स्वाभिमानाने बाहेर पडलो. आळ खरा होता. आकडे मी उतरवलेच होते. ओरडलो एवढ्या जोरात की मलाच ते विसरायला झालं.

शनिवार, १६

डॉक्टर दहाला मशीन घेऊन आले, सिस्टर बरोबर. पहिल्या भोंगाआजी. छातीला वायरी, कागदाची पट्टी सरसरत बाहेर. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि सिस्टरकडे बघून मान हलवली. मलाही दिसली. ठोक्यांमधली अंतरं लहान मुलाने फेकलेल्या खड्यांसारखी.

"आजी, आज रक्त तपासायला देतो. सोमवारी रिपोर्ट आला की तुम्हाला एक गोळी सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "त्याआधी एक विचारतो. मध्ये कधी तोंड वाकडं झालं, हातातलं काही पडलं, बोबडी वळली, असं काही? थोडा वेळसुद्धा?"

"छे हो," आजी म्हणाल्या. "गाडी एकदम वेळेवर."

डॉक्टर लिहायला लागले. मी भिंतीला टेकून. आजींनी माझ्याकडे बघितलं, नुसतं एकदा. वचन आठव, असं.

मला माहीत होतं, मी बोललो तर त्यांना आजच्या आज हॉस्पिटलात नेतील. लेकीला कळेल. कदाचित इथून नेतीलच. आणि नाही बोललो तर सोमवारी गोळी मिळेल, कदाचित काहीच होणार नाही, आणि मीही सुटेन. खरंच सांगतो, अर्धं मिनिट मी सुटायच्याच बाजूने होतो.

मग आजी उठताना त्यांनी खुर्चीचा दांडा उजव्या हाताने धरला, आणि मला तो परवाचा मांडीवर पडलेला हात दिसला.

"परवा झालं," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. "गुरुवारी चारला. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलता येत नव्हतं. सातेक मिनिटं. मी होतो तिथे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "दोन दिवस झाले? आणि आज सांगतोस?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. काल विचारलं होतं तिने, जवळजवळ याच शब्दांत.  तिने मान फिरवली आणि ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. मी इतके दिवस तिच्या एका नजरेसाठी झुरत होतो. आज मिळाली, आणि ती परत घेता आली तर मी काहीही देईन.

डॉक्टर तोवर मोठ्या बाईंना सांगत होते. असा लहान झटका येऊन गेला की मोठा मागेच उभा असू शकतो. मेंदूचा फोटो आजच हवा, आत रक्तस्राव नाही ना ते बघितल्याशिवाय गोळीसुद्धा देता येत नाही. प्रत्येक दिवस मोलाचा असतो, आपले दोन गेले.

गाडी आली. आजींना खुर्चीवरून उतरवताना मी पुढे झालो तर म्हणाल्या, "हात लावू नकोस. चुगलखोर."

त्यात पुकारा नव्हता. साधा शब्द होता, त्यांच्या स्वतःच्या आवाजातला.

सोमवार, १८

मोठ्या बाईंनी नाडीची वही काढून घेतली. कामावरून काढलं नाही. म्हणाल्या, "काढलं तर तू दुसरीकडे जाऊन असंच करशील. इथेच राहा आणि सगळ्यांची तोंडं बघ रोज."

फेरी आता फरशी पुसणाऱ्या मावशी करतात. मावशींना लिहिता येत नाही. सिस्टरने त्यांना एक मिनिटाने वाजणारं घड्याळ दिलंय. ते वाजेपर्यंत हात धरायचा आणि चाल वेडीवाकडी वाटली की फुली काढायची, आकडा नाहीच. मी विचारलं, "मावशी, जमतं का?" तर म्हणाल्या, "त्यात काय न जमायचं? घाई नसली की कळतं."

दोन दिवसांत त्यांनी आणखी तीन फुल्या मारल्या. डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या. तिन्ही बरोबर. त्यातले एक आजोबा रोज सकाळी मला "काय बरंय ना सगळं?" विचारायचे आणि मी हात सोडता सोडता "एकदम बरंय" म्हणायचो.

साडेनऊला स्कूटर गेली. मी स्टोअररूममध्ये चादरी घड्या घालत होतो. आवाज ओळखू आला.

बुधवार, २०

भोंगाआजी परत आल्या. फोटोत रक्तस्राव नाही. एक बारीकशी जुनी खूण आहे. गोळी सुरू झाली, दोन वेळा, चुकवायची नाही. लेकीने त्यांना आपल्याकडे नेलं नाही. नेणार होती, पण हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, जिथे लक्ष ठेवणारं कोणीतरी आहे तिथेच राहू द्या.

हे लेकीने मला स्वतः सांगितलं. मी चहा घेऊन खोलीत गेलो तर ती उठून उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरलेले. "तुम्हीच ना ते? तुम्ही बघितलंत आणि सांगितलंत म्हणून आई आज बोलतेय. माझ्या भावाने केलं नसतं एवढं."

मोठ्या बाईंनी तिला बाकीचं सांगितलेलं नव्हतं. आश्रमाचं नाव जाईल म्हणून, की माझ्यावर सोडलं होतं म्हणून, मला माहीत नाही.

आजी पलंगावर बसलेल्या, खिडकीकडे तोंड करून. आल्यापासून माझ्याशी एक शब्द नाही.

मी ट्रे ठेवला आणि सांगितलं. या वेळी सगळं. पाव मिनिट, चारने गुणणं, सोमवारची अडखळ, गुरुवारपासून लपवलेले दोन दिवस, दवाखान्यात म्हटलेलं "नाही". कुंड्यांचंसुद्धा सांगितलं. ते सांगताना वाटलं जमीन फाटावी, कारण बाकी सगळ्याला निदान वजन होतं, या कारणाला तेही नव्हतं.

लेकीचा हात माझ्या खांद्यावरून कधी निघाला ते कळलं नाही. तिने एकच विचारलं, "किती दिवस?"

"सात."

ती बाहेर गेली. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार आपटलं.

मी ट्रे उचलायला वाकलो तेव्हा आजी बोलल्या. खिडकीकडेच बघत. शब्द अजून थोडे जपून टाकतात, पायरी चाचपून उतरल्यासारखे.

"पहिले काही दिवस तू मिनिटभर हात धरायचास. मग एकदम लवकर सोडायला लागलास."

"हो."

"मला वाटलं, पोराला किळस येत असेल. हात असला सुरकुतलेला, बर्फासारखा गार. म्हणून तू यायच्या आधी मी गरम पाण्यात बुडवून ठेवायचे. रोज. म्हटलं, गार लागू नये तुला."

मी ट्रेवरचे कप नीट लावत राहिलो. 

"जा आता," त्या म्हणाल्या. "मावशी यायची वेळ झाली."